दोऱ्यातलं हळकुंड

वैनींचा राग आधी त्यांच्या बांगड्यांना यायचा. आमच्या आळीत त्यांचा एस.टी.डी.चा बूथ होता, घराच्या पडवीला काच लावून काढलेला. आत एखादी बाई मुंबईच्या नवऱ्याशी बोलत असली आणि पुन्हा पुन्हा "तुम्ही म्हणाल तसं" म्हणू लागली, की बाहेर स्टुलावर बसलेल्या वैनी उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या दारावर खणखण आपटायच्या आणि ओरडायच्या, "हॅलो! तोंड कुणाचं आहे?" आतली बाई दचकायची. पलीकडचा माणूसही दचकत असणार, कारण वैनींच्या आवाजाला मुंबई गाठायला वायरीची गरज नव्हती.

मिरकरवाड्याची एक बाई एकदा तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आली होती. पोराला डॉक्टरकडे नेऊ का, असं ती फोनवर नवऱ्याला विचारत होती आणि तो तिकडून दोन दिवस थांबायला सांगत होता. वैनींनी दार उघडून रिसीव्हर हिसकावला. "पोर तापलंय. ती डॉक्टरकडे चाललेय. तुम्हाला कळवलंय, विचारलेलं नाही," एवढं बोलून फोन ठेवला आणि त्या बाईला रिक्षात बसवून दिलं. "कळवायचं, विचारायचं नाही" हे त्यांचं ब्रीदवाक्य. आळीतल्या पुरुषांना त्या आवडत नसत, हे सांगायला नकोच.

आता ह्या वाघिणीचा स्वतःचा संसार कसा, तेही सांगते. नवरा मुंबईला, नोकरीला. तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड मांडलं होतं, तेही राजरोस. गणपतीलासुद्धा यायचा नाही. सासूने मरण्याआधी सगळ्यांना बसवून सांगून ठेवलं होतं, "गळ्यात माझ्या मुलाचं मंगळसूत्र आहे तोवर ही ह्या घरची सून. मागची खोली नि पडवी तिची." सासूच्या मनात चांगलंच होतं, पण त्या दिवसापासून दोन वाट्या आणि काळे मणी हेच वैनींचं खरेदीखत झालं. धाकटा दीर शेजारच्या खोल्यांत राहायचा. त्याला पडवी आपल्या मुलाच्या दुकानासाठी हवी होती आणि हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. वैनी नवऱ्याविषयी कधी बोलत नसत. त्यांच्या बूथवरून त्यांनी अख्ख्या रत्नागिरीचे फोन लावले, नवऱ्याला एकदाही लावला नाही.

मी त्यांच्या समोरच्या घरातली नंदा. शहरात सीटी स्कॅनचं मशीन नुकतंच आलं होतं आणि मी तिथे टेक्निशियन म्हणून लागले होते. वैनी माझ्या कामाला "स्टुडिओ" म्हणायच्या. "काय गो नंदे, तुझ्या स्टुडिओत कुणी हसतं तरी का फोटो काढताना?" मी म्हणायची, हसलं तर फोटो हलतो. "मग माझा काढूच नको," त्या म्हणायच्या.

पण काढावा लागला. एका सकाळी बूथचं मीटर वाचता वाचता त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे अंधार झाला. "वरून पडदा सोडावा तसा आला, नि थोड्या वेळाने वर गेला," असं त्यांनी मला सांगितलं. सांगताना हसत होत्या. मी त्यांना धरून सेंटरवर नेलं. डोक्याचा स्कॅन केला, तर फिल्म अगदी स्वच्छ. आमचे डॉक्टर म्हणाले, "आज काही दिसत नाही, याचा अर्थ काही नाही असा घेऊ नका." पण घरी काय पोचलं? फोटो चांगला आला. दिराने पेढे वाटले. माणसं फोटोवर इतका विश्वास का ठेवतात, मला कळत नाही. मी तर फोटोच काढते. त्यात जे दाखवायला मशीन लावलंय तेवढंच दिसतं, बाकीचं नाही.

मग एके दिवशी त्यांच्या हातातून रिसीव्हर पडला. उजवा हात जड झाला आणि तोंडातून नंबर येईनात. ज्या बाईला सबंध आळीच्या मुंबईकरांचे नंबर पाठ, ती "पाच" म्हणायला गेली की "पावशी" म्हणू लागली. तासाभरात वाचा परत आली, हातातला अशक्तपणा मात्र राहिला. पुन्हा स्कॅन. ह्या वेळी मेंदूच्या डाव्या बाजूला बारीक काळे ठिपके दिसले, एका रांगेत, माळेसारखे. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, मग ती खाली ठेवली आणि नळी वैनींच्या मानेला लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मलाही ऐकवलं. आत वारा फटीतून जावा तसा सूं सूं आवाज येत होता.

"तुमच्या माहेरी पोफळीचं आगर आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं. वैनींनी मान हलवली. "पाटाला पाणी कमी झालं की कुठली झाडं आधी पिवळी पडतात?" "शेवटची," वैनी म्हणाल्या. "तसंच आहे. हे ठिपके म्हणजे शेवटची झाडं. त्यांच्यात काही दोष नाही. पाट वर तुंबलाय, इथे मानेत. डोक्याचे कितीही फोटो काढले तरी मान दिसणार नाही." त्यांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की कोल्हापूरला जाऊन एमआरआय करा, मान आणि मेंदू दोन्हीचा. शीर किती बंद झालीय ते कळलं तर ऑपरेशन करून ती मोकळी करता येते. उशीर झाला आणि ती पूर्ण बंद झाली, तर मेंदूची ती सगळी बाजू जाईल. इतकं स्पष्ट सांगितलं होतं. दिराच्या समोर सांगितलं होतं.

आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. तिथल्या मशीनच्या खोलीत मोठं लोहचुंबक असतं, अंगावर धातूचा कण चालत नाही. वैनींनी कुड्या काढल्या, पाटली काढली. पायातली जोडवी काढताना जरा थांबल्या, पण तीही काढली. मग तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, गळ्यातलं." वैनींनी पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला आणि म्हणाल्या, "पायाचं दिलं. गळ्याचं नाही." मी समजावलं, विनवलं, शेवटी ओरडले. दीर मात्र छाती पुढे काढून त्या मुलीला म्हणाला, "आमच्या घरातल्या बायका गळ्यातलं काढत नाहीत." जणू मोठं शौर्य गाजवलं होतं. बाहेर बाकड्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. त्या दिवशी आम्ही जसे गेलो तसे परत आलो. आंबा घाटात मी खिडकीकडे तोंड करून बसले, नाहीतर दिराला गाडीतून ढकललं असतं.

दुसऱ्या दिवशी वैनींनी मला कारण सांगितलं. "तुला वाटतं मी त्याच्या आयुष्यासाठी जपतेय? त्याचं आयुष्य खड्ड्यात गेलं. पण मी एकदा आपल्या हाताने काढलं, की हे दीर-जाऊ आळीभर सांगत सुटतील, हिने स्वतःच काढलं. सासूबाईंचं बोलणं ह्यांच्या चांगलं लक्षात आहे. मग पडवीत त्यांच्या पोराचं दुकान आलंच म्हणून समज." मला तिथेच रडू फुटलं, रागाने. पडवीसाठी एक शहाणी बाई आपला मेंदू पणाला लावत होती. आणि तिचं काही चुकत नव्हतं, ही त्यातली खरी चीड आणणारी गोष्ट.

मी दिराकडे गेले. म्हटलं, तुम्ही लिहून नका देऊ, पण चार माणसांत तोंडाने सांगा, की तपासणीसाठी काढलं तर काही बिघडत नाही. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "दादाला विचारायला हवं." दादा म्हणजे तो मुंबईवाला! विचारायला तो आला कुठे, तर वैनींच्याच बूथवर. नंबर त्याला आठवेना. स्टुलावर बसलेल्या वैनींनी भिंतीकडे बघत सबंध नंबर सांगितला. एवढ्या वर्षांत एकदाही न लावलेला नंबर त्यांना तोंडपाठ होता. काचेआडून पलीकडचा आवाज मला ऐकू आला, "काढायचं नाही म्हणजे नाही. मी अजून जिवंत आहे." दीर बाहेर येऊन म्हणाला, "दादा नको म्हणतो." जसा काही हायकोर्टाचा निकाल आणला.

मी बांगड्या वाजायची वाट बघत होते. त्या वाजल्या नाहीत. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता. वैनी सावकाश म्हणाल्या, "मी विचारलं नव्हतं, भावोजी. माझ्या वतीने विचारायला तुम्हाला कुणी सांगितलं?" दीर निघून गेला. ज्याने बायकोला वाऱ्यावर सोडलं, त्याचा शब्द तिच्या गळ्यावर चालत होता, आणि ज्या बाईने दुसऱ्यांच्या नवऱ्यांना फोनवर गप्प केलं, ती आपल्याच बूथबाहेर बसून तो ऐकत होती.

त्यानंतर आठवडाभरातली गोष्ट. सकाळी कामावर निघाले तर त्यांच्या जाऊबाई, म्हणजे ह्याच दिराची बायको, अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं एक हळकुंड होतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "मणी सुटले होते ना, सोनाराकडे गाठवायला दिलंय. गळा मोकळा ठेवू नये म्हणून हे." मी जागच्या जागी थांबले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आमच्या आयांनी, आज्यांनी, सगळ्यांनी हे केलेलं. सोनाराकडे दागिना गेला की दोऱ्यात हळकुंड. त्यात कुणाला अशुभ वाटत नाही, कुणी मुंबईला फोन करत नाही.

मी धावत बूथवर गेले. "वैनी, जाऊबाईंचा गळा बघा. सोनारासाठी काढलं तर चालतं, आणि डॉक्टरसाठी काढलं तर चालत नाही?" वैनी हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू कधी संपलं आणि राग कधी आला ते कळलं नाही. "ही जाऊ रोज माझ्या समोरून हळकुंड घालून हिंडते, नि मला सांगते वैनी, काढू नका हो!" त्या म्हणाल्या. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याच्या बांगड्या त्यांनी काचेवर आपटल्या. आवाज पूर्वीसारखा झाला नाही, पण झाला. "नंदे, तारीख घे कोल्हापूरची. आणि विचारायचं कुणाला नाही."

तारीख मिळायला दिवस लागले. जायच्या सकाळी त्यांनी मला हळद लावलेला दोरा घेऊन बोलावलं आणि दिराला, जाऊबाईंना पडवीत उभं केलं. फासा एका हाताने निघत नव्हता. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "थांब, माझं मी काढते." जाऊबाईंनी तोंड फिरवलं. वैनींनी माझ्याकडून आधी हळकुंड गळ्यात बांधून घेतलं, मगच मंगळसूत्र खाली घेतलं आणि बूथच्या खणात ठेवलं. "भावोजी, हे कळवतेय. विचारत नाही." असं म्हणून त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. इतक्या सुंदर मला त्या कधी दिसल्या नव्हत्या.

साखरप्यापर्यंत सारख्या बोलत होत्या. ड्रायव्हरला हॉर्न कमी वाजवायला सांगितलं, मला लग्न करायला सांगितलं, बूथवर कुणाला बसवायचं ते ठरवलं. "कोल्हापुरात पोचलो की आधी मला" असं म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच राहिलं. मी वळून बघितलं. उजव्या बाजूने तोंड खाली ओढलं गेलं होतं आणि डोळे माझ्याकडे होते, घाबरलेले. मी ड्रायव्हरला म्हटलं, थांबू नको, चल.

तिथे फोटो निघाला. हळकुंड कुणालाही आडवं आलं नाही, ना मशीनला, ना देवाला. उजवीकडची शीर मानेतून वर सरळ गेली होती. डावी मानेतच संपली होती, पुढे नुसता काळोख. मेंदूचा डावा भाग मोठा पसरट डाग होऊन दिसत होता. तिथले डॉक्टर फिल्म बघून म्हणाले, "शीर उघडी असताना हे दिसलं असतं, तर मोकळी करता आली असती. आधी का नाही आलात?" आम्ही आधी आलो होतो, हे त्यांना कोण सांगणार? ह्याच दारातून परत गेलो होतो. जे फोटोत दिसायला हवं होतं, नेमकी तीच जागा आम्ही सगळ्यांनी मिळून झाकून ठेवली होती.

आणि गावात काय झालं? "गळ्यातलं काढलं, आणि घाट लागायच्या आत वारा गेला अंगावरून, बघा!" हे मी दुकानात ऐकलं, देवळात ऐकलं, माझ्या सख्ख्या मावशीच्या तोंडून ऐकलं. आजही ऐकते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढं म्हणूनसुद्धा मी हे सोडून देणार नाही. फांदी वाळत चालली होती. डॉक्टरांनी ती हाताने दाखवली होती. तरी कुणाला पडवी हवी होती, कुणाला घराण्याची अब्रू, कुणाला आपण जिवंत असल्याचा पुरावा. वैनी मंगळसूत्र काढलं म्हणून पडल्या नाहीत. ते काढायला आम्ही उशीर लावला म्हणून पडल्या. ज्या कुणाला ह्याविरुद्ध बोलायचं असेल त्याने माझ्या समोर येऊन बोलावं.

पुढे काही वर्षं त्या मागच्या खोलीत होत्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, "हॅलो." पाणी हवं तरी हॅलो, मी आले तरी हॅलो, राग आला तरी हॅलो. पण सूर शाबूत होता, त्यामुळे मला सगळं कळायचं. जाऊबाईंनी दोनतीनदा ते मंगळसूत्र आणून त्यांच्या गळ्यात घातलं. दरवेळी वैनींनी डाव्या हाताने ते डोक्यावरून ओढून काढलं आणि जाऊबाईंच्या तोंडावर म्हणाल्या, "हॅलो!" त्याचा अर्थ जाऊबाईंनाही कळत असावा, कारण पुढे त्यांनी नाद सोडला. पडवी तशीही गेलीच. तिथे दिराच्या मुलाने कॉम्प्युटर मांडले आणि वैनींची काच काढून टाकली.

त्या गेल्या तेव्हा मुंबईवाला आला, केस काळे करून. बायकांनी वैनींना हिरवं पातळ नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. आणि गळ्यात तेच घातलं. डावा हात आता वर येणार नव्हता. बायका पाया पडत होत्या आणि म्हणत होत्या, "भाग्याची गो, अहेव गेली." तो दाराशी हात जोडून उभा होता आणि माणसं त्याचं सांत्वन करत होती. मला जोरात काहीतरी आपटावंसं वाटत होतं. हाताशी काच नव्हती, नाहीतर फोडली असती. मी उठून घरी गेले.

आता आमच्या सेंटरवरही एमआरआयचं मशीन आहे. माझ्या टेबलाच्या खणात हळदीने पिवळे केलेले दोरे असतात, प्रत्येकात एक हळकुंड ओवलेलं. ते मी घरून करून आणते. बायका गळ्याला हात लावून घुटमळल्या की काही न विचारता एक दोरा काढून बांधते. बहुतेक जणी हसतात, सासवासुद्धा हसतात, आणि काम होतं. पण अधूनमधून एखादी म्हणतेच, "थांबा हं, ह्यांना विचारून येते." मग मी खुर्चीवरून उठते. कामावर माझ्या हातात बांगड्या नसतात. मशीनच्या अलीकडे मोठी काच आहे, तिच्यावर मी किल्ल्यांचा जुडगा खणखण आपटते, आणि बाहेर बसलेल्या सगळ्या पुरुषांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते,

"हॅलो! गळा कुणाचा आहे?"